कोकणाकडं

आमच्या आप्पांचा एक ठरलेला किस्सा आहे. लग्न असो, साखरपुडा असो, अगदी दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बघत बसलेली माणसं असोत, कुणीतरी म्हणतंच, "आप्पा, ते कोकणाचं सांगा की." मग आप्पा मांडी बदलतात, पान एका गालात सारतात आणि सुरू होतात. एक बाई होती. कोकणात दिलेल्या बहिणीला भेटायला निघाली आन् कंपनीतल्या पोरींबरोबर जाऊन बसली डोंगराच्या टोकावर! पिशवीत गुळाची ढेप, तुपाची बरणी, बहिणीला लुगडं. पुढं बघती तर कडा. बाई विचारती, "आता उतरायचं कुठनं?" इथं आप्पा बायकी आवाज काढतात. माणसं खो खो हसतात. दहाव्याला आलेलीसुद्धा.

ती बाई म्हणजे माझी आई. आणि आप्पा माझे वडील.

हा किस्सा कानावर पडला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. एकदा तर एका मांडवात मी हातातलं ताट आपटून उठले होते. लोक म्हणाले, पोरगी तापट आहे, चेष्टा कळत नाही. बरं बाबा, नाही कळत. पण आप्पा तो किस्सा नेहमी कड्यावरच थांबवतात. त्याच्या आधीचं आणि पुढचं सोयीस्कर गिळतात. ते गिळलेलं मी सांगणार आहे, कारण त्या दिवशी मी तिथं होते, आणि आईला तिथं नेणारी मीच होते.

साल दोन हजारच्या मागंपुढं असेल. मी शिक्रापूरजवळ एका कंपनीत पॅकिंगला होते. हायवेच्या कडेला आम्ही चार पोरी खोली करून राहायचो. सुट्टीला एसटी धरून न्हावऱ्याला घरी. घरी ऊस, थोडा कांदा आणि गोठ्यात एक जर्शी गाय. गाईचं सगळं आईकडं. शेण, वैरण, पेंड, आणि दोन वेळची धार. आप्पांचं काम एवढंच, की किटली सायकलला अडकवून दूध डेअरीला घालायचं. तिथं कुणी म्हणालं, "आप्पा, फॅट चांगली लागली आज," की हे अशा मानेनं घरी यायचे, जशी काही कास यांचीच.

माझी मावशी, आईची धाकटी बहीण, आधी दौंडला होती. तिचा नवरा रेल्वेत. दौंड म्हणजे आम्हाला घर-अंगण. न्हावऱ्याहून एसटीत बसलं की तासाभरात मावशीच्या दारात. आई सकाळची धार काढून निघायची आणि सांजच्या धारेला माघारी यायची. दोघी बहिणी दुपारभर रेल्वेच्या त्या कौलारू खोलीत बसून काय बोलायच्या कोण जाणे, पण येताना आईचा चेहरा वेगळाच असायचा. मग मावशीच्या नवऱ्यानं नोकरी सोडली आणि बिऱ्हाड घेऊन मूळ गावी गेला. मुरबाडच्या अलीकडं, घाटाच्या खाली. आमच्याकडं घाट उतरला की सगळं कोकणच. तर मावशी कोकणात गेली, आणि सहा वर्षं भेट तुटली.

आईनं किती वेळा विषय काढला असेल! दर वेळी आप्पांचं उत्तर एकच. "कोकण म्हंजी काय दौंड हाय व्हय? दोन दिस मोडत्यात नुसतं जायला. आन् हितं धार कोण काढंल? गाय तुझ्याबिगर पान्हवत न्हाई."

ज्यांच्या घरी गाय नाही त्यांना सांगते. काही गाई खोडीच्या असतात. सवयीचा हात नसला की दूध वर चढवून धरतात, सडाला लोंबकळलं तरी थेंब सोडत नाहीत. अशा गाईच्या बाईला माहेर नाही, पाहुणं नाही, आजारपण नाही. दोन धारांच्या मधे जेवढा दिवस उरतो तेवढाच तिचा. आई ते मुकाट मान्य करायची. त्या सहा वर्षांत एक गाय विकली, दुसरी आली, पण आप्पांचं वाक्य तेच. नवी गायसुद्धा म्हणे हिच्याबिगर पान्हवत नव्हती. आणि आप्पा स्वतः कधी एकदा तरी गाईखाली बसले होते का? छे! नाव नका काढू.

तर त्या वर्षी दसरा झाल्यावर आमच्या लाईनच्या सुपरवायझरनं टूम काढली. पोरगा पुण्याचा, डोंगर चढायचा नाद असलेला. म्हणाला, रविवारी हरिश्चंद्रगडावर जाऊ, कोकणकडा बघू, घरचं कुणी आणलं तरी चालेल. कोकणकडा म्हणजे गडाच्या पश्चिमेला तुटलेला अर्धगोल कडा. टोकाला पालथं पडून खाली बघायचं, खाली सगळं कोकण पसरलेलं. मी कधी असलं काही बघितलं नव्हतं. आणि आई तर दौंड सोडून कुठं गेलीच नव्हती. मला वाटलं, एक दिवस तरी तिला गोठ्यातून बाहेर काढू.

मी शनिवारीच घरी गेले. आई गाईखाली बसली होती, बादलीत धार वाजत होती.

मी दारातूनच म्हणाले, "आई, आमच्या कंपनीची गाडी निघालीय. कोकणकडा बघायला. येती का तू?"

धार थांबली. "कोकणाकडं?"

"व्हय. कोकणकडा."

"कवा?"

"उद्याच. पहाटं निघायचं, रातच्याला घरी."

आता ऐकणाऱ्यानं सांगावं, यात कुणाची चूक? आमच्या बोलण्यात शब्दांची शेपटं आधीच तुटकी. कडा काय आणि कडं काय, बादलीतल्या धारेच्या आवाजात दोन्ही सारखंच. मी बोलले एक आणि तिनं ऐकलं दुसरं. एसटीनं दोन दिस लागत असले तरी कंपनीची गाडी थेट नेऊन आणती, असं तिनं धरलं. आई उठली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, की मला वाटलं, बाई एवढी खूश? सहलीला?

ओट्यावर आप्पा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आईनं घाबरत विचारलं, "जाऊ का?" मला वाटलं आता नेहमीचं वाक्य येणार. पण आप्पा गालातल्या गालात हसले. म्हणाले, "जा की. कोकणाकडंच जा."

"आन् सांजची धार?"

"एक दिस उशीर झाला म्हून काय गाय मरत न्हाई."

मी चाटच पडले. हा माणूस एवढा सरळ कधी वागत नाही. पण देव पावला म्हणायचं आणि गप्प बसायचं, असा मी विचार केला. ते हसू कसलं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गाडी आमच्याच गावची होती. ड्रायव्हर मामा ओळखीचे. पहाटे धार काढून आई गाडीत येऊन बसली, नवं पातळ, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि मांडीवर ही एवढी मोठी पिशवी. मी म्हणाले, "काय आणलंस एवढं?" म्हणाली, "असू दे." शिक्रापूरला बाकीच्या पोरी आणि सुपरवायझर चढले. पोरी गाणी म्हणायला लागल्या, आणि त्या गोंधळात आईनं माझा हात घट्ट दाबला. हळूच म्हणाली, "लई केलंस गं माझ्यासाठी." मला वाटलं, सहलीसाठी म्हणतेय. तिला वाटत होतं, पोरीनं बापाच्या डोळ्यांत धूळ टाकून मला बहिणीकडं चालवलंय. म्हणून ती मावशीचं नाव काढत नव्हती. घरी काढलं नाही ते आप्पांच्या भीतीनं, आणि गाडीत काढलं नाही ते गावच्या ड्रायव्हरच्या लाजेनं.

आळेफाटा गेला, मग डाव्या हाताला डोंगर उभे राहिले. माळशेज घाटाच्या तोंडाशी खुबी फाटा आहे. तिथून आम्ही आत वळलो, धरणाच्या भिंतीवरून पायथ्याच्या खिरेश्वरला आलो आणि तिथून चढायला लागलो.

सुपरवायझरनं आईची पिशवी बघितली. "काकू, ही गाडीतच ठेवा. तुम्हाला नुसतं चढायलाच झेपणार नाही."

"झेपतंय," आई म्हणाली.

आणि झेपलं की! टोलार खिंडीपर्यंत कंपनीतल्या पोरींच्या जिभा बाहेर आल्या. आई पुढं. खिंडीच्या वर खडकाचा उभा टप्पा आहे, लोखंडी कठड्याला धरून चढायचं. तिथं तिनं कासोटा मारला, पिशवी डोक्यावर घेतली, एका हातानं कठडा धरला आणि वर. सुपरवायझरनं दोनदा हात पुढं केला, तिनं दोन्ही वेळा बघितलंसुद्धा नाही. वर पिवळ्या सोनकीच्या फुलांनी पठार भरलं होतं. पोरी फुलांत बसून फोटो काढत होत्या. आईला फुलं दिसलीच नाहीत. तिचं एकच. "अजून किती लांब?"

"एवढ्या टेकड्या ओलांडल्या की झालं."

"आन् पल्याड कोकण?"

"व्हय, पल्याड कोकणच."

मी खोटं बोलले नव्हते. पण डोंगर ओलांडला की कोकण, एवढं तर तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पूर्वीची माणसं अशीच डोक्यावर ओझं घेऊन घाट उतरायची. म्हणजे तिचा हिशोब कुठं चुकत होता सांगा. आप्पा किश्शात तिला येडी ठरवतात, पण त्या वाटेवर तिच्याइतकं शहाणं दुसरं कुणी चालत नव्हतं. आम्ही सगळे नुसते बघायला निघालो होतो. ती पोचायला निघाली होती.

एक टेकडी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. शेवटी देऊळ आलं, काळ्या दगडाचं, जुनं. आईनं देवाला हात जोडले, पिशवी टेकवली नाही. सुपरवायझर गुहेतलं पाण्यातलं शिवलिंग दाखवतो म्हणाला. आई म्हणाली, "येताना बघू." देवाला थांबायला लावणारी माझी आई मी तेव्हा पहिल्यांदाच बघितली.

देवळापासून अर्धा तास चाललो आणि जमीन संपली.

आमच्यासमोर काहीच नव्हतं. वाऱ्याचा लोट खालून वर येत होता, असा की उभं राहिलं तरी मागं ढकलावा. पोरी पालथ्या पडून कडेपर्यंत सरकल्या आणि किंचाळायला लागल्या. सुपरवायझरनं वाळलेल्या गवताची मूठ खाली भिरकावली. गवत खाली गेलंच नाही. वाऱ्यानं उलटं वर आणून आमच्या अंगावर टाकलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

आई उभीच होती. खाली, खूप खाली, हिरव्या खाचरांचे चौकोन, एक बारीक वाट, आणि नखाएवढी घरं.

"ती घरं कुणाची?" तिनं विचारलं.

"कोकणातली."

"मग आता उतरायचं कुठनं?"

सगळ्यात आधी सुपरवायझर हसला. "काकू, इथनं डायरेक्ट उडी!" मग पोरी हसल्या. आई त्यांच्याकडं बघत होती, मग माझ्याकडं. "उशीर व्हतूया," ती म्हणाली. "ती वाट बघत नसंल म्हना, तिला ठावच न्हाई. पर रातच्याला माघारी याचंय ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात दाबलेला, लई केलंस म्हणालेली, पिशवी, नवं पातळ. आई गं! मी तिथंच मटकन बसले. हळूच म्हणाले, "आई, ह्याला कोकणकडा म्हणत्यात. कडा. इथनं खाली जाता येत न्हाई. नुसतं बघायचं असतं."

"नुसतं बघायचं?"

"व्हय."

सुपरवायझरला आता उमगलं, आणि त्याला ते भलतंच गोड वाटलं. पोटावर हात धरून म्हणाला, "म्हणजे काकूंना वाटलं आपण कोकणात चाललोय? बाप रे, हे कंपनीत सांगितलंच पाहिजे!"

मी उठले. त्याला काय काय बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. एवढं सांगते की सुरुवात "मेल्या, तुझी आय बहिणीला भेटायला निघाली असती आन् कुणी हसलं असतं तर" इथनं झाली आणि शेवट "एक शब्द कंपनीत बोललास तर कानाखाली जाळ काढीन" इथं. तो माझा सुपरवायझर होता, सोमवारी त्याच्याच हाताखाली उभं राहायचं होतं, पण मला त्या घडीला देवाचीही भीती नव्हती. त्याचं तोंड एवढंसं झालं. बोललेल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आई खडकावर बसली आणि पिशवी उघडली. वर हिरवं लुगडं, ट्रंकेत कधीपासून ठेवलेलं. खाली तुपाची बरणी, फडक्यात घट्ट बांधलेली. सगळ्यात खाली गुळाची ढेप. आमच्याकडचा गूळ मावशीला फार आवडायचा, दौंडला असताना ती चहासुद्धा गुळाचाच करायची. एवढं ओझं या बाईनं कठड्याला धरून वर आणलं होतं. एका पोरीला वाटलं खायला काढलंय. तिनं हात पुढं केला. आईनं पिशवीचं तोंड आवळलं.

"तिचं हाय," ती म्हणाली.

मग ती त्या नखाएवढ्या घरांकडं बघत बसली. गवताची आणखी एक मूठ उलटी वर आली, तेव्हा एवढंच म्हणाली, "फेकल्यालं बी खाली जाईना."

उतरताना मला वाटत होतं, ती रडेल. ती रडली नाही, आणि मला तेच जास्त लागत होतं. मी मात्र मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. कड्याला, कड्याचं नाव ठेवणाऱ्याला, सुपरवायझरला, माझ्या जिभेला. ज्याला घालायला हव्या होत्या त्याचं नाव अजून मला कळलं नव्हतं.

खुबी फाट्यावर ड्रायव्हर मामांनी चहाला गाडी थांबवली. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात आळेफाट्याकडून लाल एसटी आली आणि थांबली. आईला वाचता येतं, सावकाश, बोट ठेवल्यासारखं. तिनं पाटी वाचली. मु-र-बा-ड.

"मामा," तिनं ड्रायव्हरला विचारलं, "ही गाडी कुठं जाती?"

"ही? हा घाट उतरून मुरबाड, कल्याण."

"किती येळ लागतो?"

"हितनं? मुरबाडला तास-दीड तास."

"दोन दिस न्हाई लागत?"

ड्रायव्हर मामा हसले. "दोन दिसांत तर मुंबईला जाऊन माघारी याल, वैनी."

आईच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. मी तिच्याकडं बघत होते. राग कसा चढतो ते मला माझ्यावरून माहीत आहे, एकदम भडका. आईचा तसा नव्हता. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू गालांवर रंग आला, आणि नाकपुड्या फुगल्या. सहा वर्षं. सहा वर्षं तिला सांगितलं होतं, दोन दिस मोडत्यात.

एसटीचं दार उघडं होतं. कंडक्टरनं विचारलं, "येताय का मावशी?" ती दोन पावलं पुढं गेली. मी म्हणाले, "जा आई. जा तू, मी घरी सांगते." तिनं पायरीवर हातसुद्धा ठेवला. मग मागं फिरली.

"गाय दुधानं तटली असंल," ती म्हणाली. "सांजची धार राह्यलीया."

एसटी निघून गेली. घाटाकडं वळेपर्यंत ती बघत राहिली, मग गाडीत येऊन बसली. आता आप्पांनी हे सांगावं ना लोकांना! दीड तासावर आलेली बहीण सोडून ती यांच्या गाईसाठी माघारी फिरली, हे सांगावं मांडवात! पण नाही. तिथं हसायला येत नाही ना कुणाला.

घरी पोचलो तेव्हा दिवा लागून बराच वेळ झाला होता. गाय हंबरत होती. ओट्यावर आप्पा भावकीतल्या दोघांना घेऊन बसले होते, आमचीच वाट बघत. आई अंगणात येते न येते तोच मोठ्यानं म्हणाले, "काय, भेटली का कोकणातली भैन?"

आणि तिघंही हसले.

म्हणजे त्या दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं. "तुम्हाला ठाऊक हुतं?" मी विचारलं. "आप्पा, तुम्हाला ठाऊक हुतं, की ती चुकीचं समजलीय?"

"तवाच कळलं. ही 'कोकणाकडं' म्हनाली तवाच." आप्पा अजून हसत होते. "म्हनलं जाऊ दे. बघू दे एकदाचं कोकण, म्हंजी डोक्यातलं खूळ तरी जाईल."

"आन् तुम्ही बोलला न्हाईत?"

"चेष्टा गं! येवढी चेष्टाबी कळंना व्हय तुमास्नी?"

चेष्टा. मला या शब्दाची शिसारी आहे. दुसऱ्याच्या जिवावर हसायचं आणि त्याला राग आला की त्यालाच म्हणायचं, चेष्टा कळत नाही. एक शब्द बोलायचा होता, एक! "कडा हाय तो, येडे." एवढं म्हटलं असतं तर ती ढेप डोक्यावर घेऊन डोंगर चढली नसती. मी अंगणात उभी राहून ओरडत होते, शेजारच्या दारांत माणसं आली होती. भावकीतले दोघं चपला शोधायला लागले.

आई मधे पडली नाही. ती पिशवी खुंटीला अडकवून गोठ्यात गेली होती. मी ओरडत असताना मागं बादलीत धार वाजत होती. सगळी धार तिनं शांतपणे काढली, वासरू सोडलं, मग बादली आणून आप्पांच्या पुढं ठेवली.

"मुरबाडला फाट्यापास्नं दीड तास लागतो," ती म्हणाली.

आप्पांचं हसू उतरलं. "कुणी सांगितलं?"

"मी डोळ्यांनी यष्टी बघितली. तुम्ही दोन दिस म्हनला व्हता."

"अगं, तवा रस्तं न्हवतं..."

"उद्याची धार तुम्ही काढा," आई म्हणाली. "मी कोकणाकडं चाललीया."

आप्पांना वाटलं, बोलते रागानं, सकाळी विसरेल. पण सकाळी ती पहिल्या एसटीनं शिरूरला गेली, तिथनं आळेफाट्याला, पुढं कल्याणच्या गाडीनं. पिशवी तीच. खुंटीवरून काढली आणि घेतली. आप्पांनी वाटेत आडवं यायचं म्हणून दाराशी येऊन बघितलं, पण मी उंबऱ्यात उभी होते.

मी त्या दिवशी कंपनीत दांडी मारली. मला बघायचं होतं.

गाय हंबरायला लागली. आप्पा दोनदा गोठ्यात जाऊन माघारी आले. मला म्हणाले, "तू बस." मी म्हणाले, "मला येत न्हाई." येत होतं. शेवटी त्यांनी धोतर खोचलं, पेंडीची पाटी तिच्यापुढं सरकवली, वासरू पाजलं, बांधलं आणि बसले गाईखाली. गाईनं मागं वळून बघितलं, एकदा शेपूट मारलं. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि खरं सांगते, मी मनात देवाचा धावा करत होते, की ही न पान्हवू दे. लाथ मारू दे. निदान आईचा सहा वर्षांचा तुरुंग तरी खरा निघू दे.

गाय पान्हवली.

रवंथ करत उभी राहिली आणि फेसाळ दूध दिलं, रोजच्यासारखं. बादली भरत आली तरी आप्पांनी मान वर केली नाही.

"पान्हवली की हो, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी किटली सायकलला अडकवली आणि डेअरीला गेले.

आई आठवडाभरानं आली. पिशवीत सुकट आणि लाल तांदूळ. मावशीनं आधी दार लावून घेतलं होतं म्हणे. मग उघडलं, आणि गळ्यात पडून म्हणाली, "मला वाटलं, अक्का, तूच मला टाकलंस." हे सांगताना आई रडली. कड्यावर नाही, फाट्यावर नाही, इथं रडली.

मग डोळे पुसून तिनं मला विचारलं, "गाईनं दूध दिलं का?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणाले, "दिलं."

"कितव्या दिशी?"

"पहिल्याच."

आई गोठ्यात गेली. गाईच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. गाईवर ती कधी चिडली नाही, तेव्हाही नाही. सांज झाली तशी तिनं बादली धुतली, ओट्यावर आप्पा बसले होते तिथं आली आणि बादली त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"धारंची येळ झाली," ती म्हणाली. "सांजची आता तुमची. ती माझ्याबिगर पान्हवती."

आप्पा बादली घेऊन उठले.